खाकीची चार दारे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास ह्या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या मागोमाग पोलीस खात्यासारखा रुक्ष विषय घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे आहोत, ह्याची आम्हांस जाणीव आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. आणि कोर्टाच्या अलीकडची पायरी पोलीस ठाण्याची! त्यामुळे मुलगा डॉक्टर व्हावा, इंजिनियर व्हावा, निदान बँकेत चिकटावा, अशी स्वप्ने आपल्या घरांतून पाहिली गेली. खाकी कपड्याचे स्वप्न सहसा कोणी पाहिले नाही. अलीकडे मात्र वारे पालटले आहे. गणेशोत्सवात, कोजागरीला पालक आम्हांस बाजूला घेऊन विचारतात, "मुलाला पोलीस अधिकारी व्हायचे आहे. मुलगीही तेच म्हणते. काय शिकावे, कोठे जावे?" आमची हयात पोलिसांना शिकविण्याच्या कामात गेल्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे येतो. एकेकास दिलेले उत्तर आज सर्वांस मिळून द्यावे, एवढाच ह्या भाषणाचा हेतू आहे.

ह्या प्रश्नाचा आपल्या शहराशी आणि मंडळाशी एक योगायोगाचा संबंधही आहे. मंडळाची स्थापना १९७५ ची. त्याच वर्षी राष्ट्रीय पोलीस अकादमी अबूच्या डोंगरावरून हैदराबादेस शिवरामपल्लीला आली. ह्या संस्थेचा आरंभ अबू येथे १५ सप्टेंबर १९४८ रोजी 'केंद्रीय पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय' ह्या नावाने झाला. ती तारीख हैदराबादकरांनी आणि मराठवाड्यातून येथे आलेल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १३ ते १७ सप्टेंबर ह्या दिवसांत येथे पोलीस कारवाई चालू होती. म्हणजे इकडे निजामी राजवट संपत होती आणि त्याच आठवड्यात तिकडे स्वतंत्र भारताच्या पोलीस अधिकाऱ्यांची शाळा उघडत होती. १९७४ साली त्या अकादमीला सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव देण्यात आले. आज देशभरचे तरुण जेथे येण्यासाठी वर्षानुवर्षे अभ्यास करतात, ती जागा आपल्या घरापासून बसच्या अंतरावर आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पालकांशी बोलताना आम्हांस एक गैरसमज वारंवार आढळतो. पोलीस अधिकारी म्हणजे आयपीएस आणि बाकी सारे हवालदार, अशी एक ढोबळ विभागणी त्यांच्या मनात असते. ही विभागणी मुळात इंग्रजांची. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला, त्यात वरचा अधिकारी गोरा आणि खालचा शिपाई काळा अशी रचना गृहीत होती. वरच्या जागांसाठी पहिली स्पर्धा परीक्षा १८९३ साली झाली, ती इंग्लंडात. भारतीयांना त्या वरिष्ठ सेवेचे दार १९२० नंतरच उघडले. राजवट गेली, तरी ती विभागणी आपल्या मनातून अजून गेलेली नाही. प्रत्यक्षात ह्या खात्यात शिरण्याची दारे चार आहेत, आणि चारही दारांनी आत गेलेल्यांना एकाच ठाण्यात, एकाच रस्त्यावर काम करावे लागते.

पहिले दार भारतीय पोलीस सेवेचे. कोणत्याही विषयाची पदवी असली म्हणजे पुरे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला वयाच्या २१ व्या वर्षापासून बसता येते. खुल्या गटातील उमेदवारास ३२ व्या वर्षापर्यंत सहा वेळा, इतर मागास वर्गीयांस ३५ व्या वर्षापर्यंत नऊ वेळा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस ३७ व्या वर्षापर्यंत कितीही वेळा प्रयत्न करता येतो. पूर्वपरीक्षा ही चाळणी. खरी कसोटी मुख्य परीक्षेची. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिका आणि वैकल्पिक विषयाच्या दोन, प्रत्येकी २५० गुणांच्या, असे १७५० गुण. त्यांत मुलाखतीचे २७५ मिळविले की एकूण २०२५. त्याखेरीज इंग्रजी आणि एक भारतीय भाषा ह्यांत केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. ही परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखत मराठीतून देता येते आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. पोलीस सेवेकरिता उंची पुरुषांस १६५ आणि स्त्रियांस १५० सेंटिमीटर लागते. काही जमातींना व प्रदेशांना त्यात सूट आहे. निवड झाल्यावर मसुरीच्या प्रशासन अकादमीत सर्व सेवांचा एकत्र पायाभूत अभ्यासक्रम होतो. मग शिवरामपल्लीचे मूळ प्रशिक्षण, त्यानंतर नेमून दिलेल्या राज्यातील एखाद्या जिल्ह्यात सुमारे सहा महिन्यांचे प्रत्यक्ष काम, आणि पुन्हा अकादमीत परत, असा क्रम असतो. जिल्ह्यातील त्या मुक्कामात नवा अधिकारी एका ठाण्याचा कारभार स्वतः चालवून पाहतो.

ह्या दारापाशी गर्दी किती? अर्ज लाखांनी येतात. अंतिम यादीत साधारण हजारभर नावे असतात, आणि त्यांतील दीडशे ते दोनशे पोलीस सेवेच्या वाट्याला येतात. हा आकडा पालकांनी घरी भिंतीवर लिहून ठेवावा, असे आम्हांस वाटते. मुलांना घाबरविण्यासाठी नव्हे. पुढची तीन दारे बंद होण्याआधी ती मुलांना दिसावीत म्हणून.

दुसरे दार राज्य पोलीस सेवेचे, म्हणजे पोलीस उपअधीक्षकाचे. प्रत्येक राज्याचा लोकसेवा आयोग त्याची परीक्षा घेतो; आपल्या तेलंगणात ती 'ग्रुप वन' ह्या नावाने ओळखली जाते. पदवीनंतरचेच हे दार. येथून शिरलेला अधिकारी काही वर्षांच्या सेवेनंतर निवडीने भारतीय पोलीस सेवेतही जाऊ शकतो, कारण त्या सेवेतील वरिष्ठ जागांचा सुमारे एक तृतीयांश भाग राज्य सेवेतील अधिकाऱ्यांना पदोन्नतीने मिळतो. हे पुष्कळांस ठाऊक नसते. ह्याच पदावर क्वचित खेळाडूही नेमले जातात. मुष्टियोद्धी निखत झरीन आणि क्रिकेटपटू मोहम्मद सिराज ह्यांना २०२४ साली तेलंगण सरकारने हा मान दिला. पण ती राजरस्त्याबाहेरची गोष्ट झाली.

तिसरे दार उपनिरीक्षकाचे. सामान्य माणसाला पोलीस भेटतो तो बहुधा ह्या पायरीवर. फिर्याद लिहून घेणे, घटनास्थळाचा पंचनामा करणे, साक्षीदारांचे जबाब घेणे, आरोपीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, दोषारोपपत्र दाखल करणे, ह्या कामांचा मोठा भार उपनिरीक्षकाच्या खांद्यावर असतो. तेलंगणात ह्या जागा राज्याचे पोलीस भरती मंडळ भरते. पदवी लागते, आधी लेखी चाळणी, मग शारीरिक चाचणी, मग अंतिम लेखी परीक्षा. त्या परीक्षेत गणित व बुद्धिमापन आणि सामान्य अध्ययन ह्यांच्या जोडीला इंग्रजीची आणि तेलुगू किंवा उर्दूची प्रश्नपत्रिका असते. निवड झाल्यावर सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण मिळते. त्याची राज्यातील मुख्य जागा म्हणजे हिमायतसागरची अकादमी. तिला राजाबहादूर वेंकटराम रेड्डी ह्यांचे नाव आहे. निजामी राजवटीत हैदराबाद शहराचे कोतवालपद भूषविणारे हे गृहस्थ पोलीस खात्यात शिरले ते अमीन म्हणून, म्हणजे आजच्या हिशेबाने ह्या तिसऱ्या पायरीवरच.

उपनिरीक्षकपदाचे एक दार दिल्लीतही आहे. दिल्ली पोलीस आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दले ह्यांतील उपनिरीक्षकांची भरती केंद्रीय कर्मचारी निवड आयोग करतो आणि त्या परीक्षेला देशातील कोणत्याही राज्याचा पदवीधर बसू शकतो. वय २० ते २५. पुरुष उमेदवाराने १६०० मीटर अंतर साडेसहा मिनिटांत आणि १०० मीटर १६ सेकंदांत धावावे लागते, तीन प्रयत्नांत ३.६५ मीटर लांब उडी आणि १.२ मीटर उंच उडी मारावी लागते, आणि गोळा साडेचार मीटर फेकावा लागतो. दिल्ली पोलिसांसाठी पुरुष उमेदवाराजवळ मोटार चालविण्याचा परवानाही हवा. ज्यांच्या वडिलांची दर चार वर्षांनी बदली होते आणि कोणत्याच राज्याचे रहिवासी म्हणून ज्यांची धड नोंद नाही, अशा मुलांनी हे दार अवश्य ध्यानात ठेवावे.

चौथे दार शिपायाचे. त्याचे नाव काढताच पालकांच्या चेहऱ्यावर आठी पडते, म्हणून त्याविषयी थोडे अधिक बोलतो. तेलंगणात बारावी म्हणजे येथील इंटरमीजिएट झालेल्यास हे दार उघडे असते. २०२२ च्या भरतीत पुरुषांना १६०० मीटर सव्वासात मिनिटांत आणि स्त्रियांना ८०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत धावावयाचे होते. निवडीनंतर सुमारे नऊ महिन्यांचे प्रशिक्षण असते. पुढे हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक अशी चढण आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज तेरा प्रादेशिक भाषांतून घेतली जाते. त्यांत मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत.

ह्या दाराची योग्यता सांगण्यास आम्हांस मुंबईतील एकच रात्र पुरेशी वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे आणि अशोक कामटे हे भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी आणि विजय साळसकर हे एकाच गाडीत असताना धारातीर्थी पडले. साळसकर १९८३ साली उपनिरीक्षक म्हणून खात्यात आले होते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनी हातात केवळ लाठी असताना अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. त्यामुळे कसाब जिवंत हाती लागला आणि पुढे सारा कट न्यायालयापुढे उलगडता आला. ओंबळे खात्यात शिरले होते शिपाई म्हणून. २६ जानेवारी २००९ रोजी ह्या चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. शांतताकाळातील शौर्याचा तो सर्वोच्च मान देताना कोण कोणत्या दाराने आत आला होता, हे राष्ट्राने विचारले नाही. आपणही विचारू नये.

इथवर सांगितले ते कोणत्याही भाषिकास लागू आहे. आता आपल्यासारख्या घर सोडून दूर स्थायिक झालेल्यांपुरते जे आहे, ते सांगतो. कारण आपली मुले अडतात ती बहुधा येथेच.

पोलीस हा विषय आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे. म्हणून पहिले दार आणि दिल्लीची भरती वगळली, तर बाकीच्या दारांवर "तू कुठला?" हा प्रश्न विचारला जातो. पुष्कळ पालक निर्धास्तपणे म्हणतात, "येथे नाही जमले तर महाराष्ट्रात प्रयत्न करू." महाराष्ट्रातील शिपाई भरतीला तेथील अधिवासाचे प्रमाणपत्र लागते, आणि सर्वसाधारणपणे त्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. कर्नाटक सीमेवरील ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तेथील मराठी उमेदवारांना सरकारने सवलत दिली आहे. हैदराबाद, इंदूर किंवा कोलकात्याच्या मराठी मुलाला ती नाही. लेखी परीक्षा मराठीतून, आणि तीत मराठी व्याकरणाचा भाग असतो. घरी बोलली जाणारी मराठी तेवढ्यास पुरत नाही. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यास सुरू झालेली आणि पुढे नाशिकास गेलेली महाराष्ट्राची पोलीस प्रशिक्षण संस्था मोठ्या परंपरेची आहे. तेथे जाण्याची इच्छा आपल्या मुलांना व्हावी हे स्वाभाविक आहे. पण तो रस्ता ऐन वेळी सापडत नाही.

आणि येथे, तेलंगणात? २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये थेट भरतीच्या पंच्याण्णव टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी आहेत, आणि पहिली ते सातवी ह्या इयत्तांपैकी निदान चार वर्षे ज्या भागात शिक्षण झाले, तेथला तो उमेदवार स्थानिक. म्हणजे बाविसाव्या वर्षी उपनिरीक्षक होऊ पाहणाऱ्या मुलाचे भवितव्य काही अंशी तो दुसरी-तिसरीत असतानाच ठरून गेलेले असते. मुलाला आजोळी, सोलापूरला किंवा नांदेडला, ठेवून शिकविण्याचा विचार करणाऱ्यांनी हा नियम वाचावा. शाळेचे दाखले जपून ठेवावेत. ही स्मरणिका इतर गावांच्या मंडळांकडेही जाणार आहे. तेथील नियम निराळे असतील, पण ते आहेत, आणि ते मूल लहान असतानाच समजून घ्यावेत.

दाखल्यांचीच आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात एखादी जात वा जमात अनुसूचित असली, म्हणजे ती सवलत कुटुंबाबरोबर दुसऱ्या राज्यात येते, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे स्पष्ट केले. त्यातील विद्यार्थी मूळचा आंध्रचा आणि वाढलेला मुंबईत होता, म्हणजे आपल्या नेमका उलट प्रवास केलेला. स्थलांतर केलेल्या राज्यात ती सवलत मागता येत नाही. मात्र केंद्राच्या नोकऱ्यांसाठी, म्हणून भारतीय पोलीस सेवेसाठीही, वडिलांच्या मूळ राज्यातील प्रमाणपत्राच्या आधारे अनुसूचित जाती-जमातींचा हक्क कायम राहतो. ज्या घरांना हे लागू आहे त्यांनी वडिलांची, आजोबांची कागदपत्रे आजच शोधून ठेवावीत. आजोबा गेल्यावर ट्रंका उघडण्यात अर्थ नसतो.

आता भाषेविषयी. आमच्या मते ह्या सर्व प्रशिक्षणाचा गाभा भाषा हा आहे. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याला जे राज्य मिळते, तेथली भाषा शिकावी लागते. कोल्हापूरचा तरुण तमिळनाडूत गेला की त्याला तमिळ शिकण्यावाचून गत्यंतर नसते. हे का? फौजदारी कायद्याचे साधे कलम पाहा. ठाण्यात येऊन कोणी तोंडी खबर दिली, तर ती लिहून घेऊन त्याला वाचून दाखविली पाहिजे, त्यावर त्याची सही घेतली पाहिजे आणि नक्कल विनामूल्य दिली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७३ व्या कलमात ही तरतूद कायम आहे, आणि आता खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. कायदा बदलला, साधने बदलली. तरी रात्री दोन वाजता घाबरून आलेल्या बाईचे बोलणे समजून घेऊन ते तिच्याच शब्दांत कागदावर उतरविणे, हे काम बदललेले नाही. तिची भाषा ज्याला येत नाही, तो अर्धा ऐकतो आणि अर्धे मनाने घालतो. अशा कागदावर उभा राहिलेला खटला पुढे न्यायालयात कोसळतो. त्यात कधी गुन्हेगार सुटतो, कधी निरपराध माणूस अडकतो.

आणि येथेच आपल्या घरांतून एक मोठी चूक होते. गुण चांगले पडतात म्हणून शाळेत तेलुगूऐवजी दुसरी भाषा घेण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. २०१८ च्या कायद्याने राज्यातील शाळांत तेलुगू सक्तीची झाली, तर आपल्यापैकी कित्येकांनी कपाळाला हात लावला. आमची मुले तेलुगू फाडफाड बोलतात, असे सांगणारे पालक आहेत. पण लिहितात का? काचीगुड्याच्या बाजारात घासाघीस करण्यापुरती तेलुगू आणि जबाब लिहिण्याची तेलुगू ह्यांत मोठे अंतर आहे. तीच गोष्ट मराठीची. नागरी सेवा परीक्षेतील मराठीची प्रश्नपत्रिका शालान्त दर्जाची असते, आणि तरीही देवनागरीत दोन पाने सलग मराठी लिहिण्याचा सराव नसल्यामुळे आपली मुले ती घेण्यास धजत नाहीत. घरात एक भाषा आणि दारात दुसरी, हे आपल्या मुलांना जन्मतः मिळालेले धन आहे. इतर उमेदवार अकादमीत गेल्यावर जे शिकू लागतात, ते आपल्या मुलांना पाळण्यापासून कानावर पडते. लिपी शिकविली नाही, तर मात्र ते धन कुलूप लावलेल्या पेटीत राहते.

प्रशिक्षणात काय शिकवितात, असेही पालक विचारतात. पहाटेची कवायत, धावणे, पोहणे, नेमबाजी, निःशस्त्र झुंज हे तर आहेच. अकादमीत घोडेस्वारीही आहे. दुपारी वर्ग भरतात. २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे शिकविले जातात. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आणि झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण ह्यांमुळे तपासाची रीतच पालटत आहे. संगणकीय गुन्ह्यांचा अभ्यास वाढला आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही, हे जुने तत्त्व नव्या कायद्यातही आहे. ते प्रशिक्षणार्थीच्या मनावर पुनःपुन्हा बिंबवावे लागते. मारून घेतलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही, शोधून काढलेल्या पुराव्याला आहे. अटक कशी करावी, नातेवाइकांस केव्हा कळवावे, ह्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली घालून दिलेले नियम आता प्रत्येक शिपायालाही माहीत असावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांचे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद आपणांस ठाऊक आहे. त्यात सज्जनांचे रक्षण आधी आले आहे आणि दुष्टांचे पारिपत्य नंतर, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी दाखवीत असू.

मग घरी तयारी कोणती करावी? पोलीस विज्ञान, न्यायवैद्यक शास्त्र ह्यांच्या पदव्या आता निघाल्या आहेत. गांधीनगरला न्यायवैद्यक शास्त्रांचे राष्ट्रीय विद्यापीठही आहे. ह्या पदव्या उपयोगी आहेत, पण आवश्यक नाहीत. मुलाला गोडी असेल त्या विषयाची पदवी त्याने नीट घ्यावी. शरीराची तयारी मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू व्हावी. धावणे महिन्याभरात येत नाही. शिकवणी वर्गाचे पैसे भरण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत, विशेषतः रंग ओळखण्याची दृष्टी. रंगांधळेपणा हा त्या मुलाचा दोष नाही, परंतु पोलीस सेवेच्या वैद्यकीय तपासणीत तो आड येतो. चार वर्षांच्या अभ्यासानंतर ते कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. शाळेत राष्ट्रीय छात्रसेना असेल तर तीत घालावे. केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत तिच्या प्रमाणपत्राला अधिक गुण मिळतात.

आणि चारित्र्य. नेमणुकीपूर्वी उमेदवाराच्या पूर्ववृत्ताची चौकशी होते. महाविद्यालयातल्या मारामारीत नाव आले असेल, तर ते अर्जात लपवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ह्यावर तपशीलवार निर्णय दिला आहे. किरकोळ प्रकरण प्रामाणिकपणे सांगितले असेल, तर त्याचा सारासार विचार व्हावा. लपविलेले मात्र नोकरी घालवू शकते. ताकाला जाऊन भांडे लपविण्याची सवय ह्या खात्यात पहिल्याच दिवशी महागात पडते.

मुलींविषयी दोन शब्द. १९७२ साली किरण बेदी भारतीय पोलीस सेवेत आल्या, त्या पहिल्या स्त्री अधिकारी. १९८१ साली पंजाबातून आलेल्या मीरा बोरवणकर महाराष्ट्राच्या सेवेत रुजू झाल्या आणि पुढे पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या. पंजाबची मुलगी मराठी मुलखात एवढे काम करते, तर मराठी मुलीने तेलुगू मुलखात का करू नये? आपल्याच शहरात २०१४ साली स्त्रियांच्या छेडछाडीविरुद्ध 'शी टीम्स' सुरू झाल्या. ठाण्यात स्त्री अधिकारी नसेल, तर कित्येक तक्रारी उंबरठ्यावरूनच परत जातात. मुलगी हे काम करू म्हणाली, तर "लग्नाचे काय?" हा प्रश्न पहिल्याच वाक्यात विचारू नका, एवढीच माउल्यांना विनंती.

शेवटचा मुद्दा थोडा कटू आहे. आयपीएसच व्हायचे ह्या हट्टाने मुले तिसाव्या वर्षापर्यंत खोल्यांत बसून अभ्यास करीत राहतात. दिल्लीच्या उपनिरीक्षकाचे दार पंचविसाव्या वर्षी बंद होते. राज्यांची दारेही वयाच्या मर्यादेने एकेक करून मिटतात. सहा प्रयत्न संपल्यावर मुलगा घरी परततो तेव्हा त्याच्या हाती पदवीखेरीज काही नसते, आणि नातेवाइकांना तोंड दाखविणे त्याला नको होते. ह्यात मुलाइतकाच दोष आपला असतो, कारण खालच्या पायऱ्यांना आपण घरात नावे ठेवलेली असतात. आमचे सांगणे असे की, पहिल्या दाराचा प्रयत्न जरूर करावा, पण किती वर्षे करावयाचा हे आधी ठरवावे, आणि त्याच काळात दुसऱ्या-तिसऱ्या दाराच्याही परीक्षा द्याव्यात. अभ्यास बराचसा तोच असतो. उपनिरीक्षकाची नोकरी करता करताही नागरी सेवा परीक्षा देता येते. नोकरीत राहून वर पाहणारे मूल आणि रिकाम्या खोलीत बसून वर पाहणारे मूल, ह्यांच्या मनःस्थितीत फार फरक असतो.

ह्यात मंडळाला काही करता येईल का? येईल. रविवारी सकाळी मुलांना मैदानावर नेऊन धावण्यास लावणारा एखादा निवृत्त सैनिक आपल्यांत निश्चित आहे. तेलुगू लिहिण्या-वाचण्याचा वर्ग आणि मराठी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग, दोन्ही आपल्याच सभागृहात शेजारी शेजारी चालविता येतील. अधिवास आणि जातीची प्रमाणपत्रे ह्यांविषयी नेमकी माहिती देणारा एक फलक ग्रंथालयात लावता येईल. ह्याला मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, ते परक्या गावात आपले म्हणण्याजोगे चार लोक शोधत होते. आता हे गाव परके राहिलेले नाही. ज्या गावाने आपल्याला भाकरी दिली, त्याची राखण करण्यास आपल्या घरातले एखादे मूल पुढे आले, मग ते शिपाई म्हणून येवो वा अधीक्षक म्हणून, तर त्याला आशीर्वाद द्या.  मंडळाच्या शतकमहोत्सवास आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.